तिसरी बाजू

पाइप तळातून झिजतो.
पहिल्याच आठवड्यात कचरूभाऊंनी हे सांगितलं,
मी वही काढली तर हसले,
"लिहू नका मॅडम, हात लावा."

राख काही पाण्यासोबत नुसती वाहत नाही.
बसत, उठत, खालच्या अंगाला घासत जाते.
म्हणून काही हजार तास भरले की
बोल्ट सोडवायचे, लाईन एक तृतीयांश फिरवायची,
झिजलेलं बूड कुशीला,
कोरी कूस तळाला.
पाइपावर पिवळ्या रंगात आकडा,
एक, मग दोन, मग तीन.
चार नसतो.

चांद्याकडून वाघिणी येतात रात्रीच्या,
एकलहऱ्याच्या फाट्यावर डबे थडथडतात.
कोळसा जळतो, तारेवरून उजेड निघून जातो
कुठल्या कुठल्या गावांना,
मागे जे उरतं ते आमच्या खात्याचं.
चिमण्यांच्या पायथ्यापासून बंधाऱ्यापर्यंत
चार किलोमीटर करडा गारा,
आणि बंधाऱ्यावर पाणी मारणारा वाळू गोतरणे,
जो टिटवीच्या अंड्यांभोवती
परातीएवढी जागा कोरडी सोडतो
आणि विचारलं तर म्हणतो, नोझल खराब आहे.

माघातली रात्र होती. लोड पडला,
मी घाईत पंप बंद केला.
आधी साध्या पाण्याने लाईन धुवायची असते.
विसरले.

पहाटे चारला हिंगणवेढ्याहून लुनावर आले,
मफलर, स्वेटर, पायात मुलाचे बूट.
रागावले नाहीत. पाना काढला,
एक टोक पाइपाला, दुसरं दातात,
आणि डाव्या हातातल्या दगडाने ठोका.
पुढचा पाइप. ठोका. पुढचा.
मला वाटलं सवय असेल, काहींना काडी लागते तोंडात.
दोनशे बाराला खडूची रेघ मारली,
"इथून सात नग. उघडा."

सहा ठासून भरलेले निघाले, सातवा अर्धा.
आत राख, गार, गुळगुळीत,
थापून ठेवलेल्या वडीसारखी.
उजाडेपर्यंत आम्ही सळईने ती कोरत होतो.
लॉगबुकात काय लिहू, विचारलं.
"तुमचं नाव लिहा.
नाहीतर पुढचाही विसरेल."

चहाला बसल्यावर स्वतःच्या नावाचं सांगितलं.
आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली,
तर आईने याला उकिरड्यावर लोळवला,
सुपात घालून घरात आणला,
कचरू म्हटलं, म्हणजे मरणाला किळस यावी.
"आली बहुतेक," बशी फुंकत म्हणाले,
"नोकरीही त्याच खात्यात दिली."

चैत्रात सगळ्यांची तपासणी झाली, नाशिकरोडला.
काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून
आवाज आला की बटण दाबायचं.
कचरूभाऊ बसून राहिले.
बटण दाबलं नाही.
डॉक्टर म्हणाले, उजवा कान केव्हाच गेलाय,
डावा नावाला,
हा माणूस लाईन ऐकतो तरी कशी?
त्यांनी ओठ वर केला, दाखवलं:
पुढच्या दोन दातांना पान्याच्या मापाची खाच.

आता ते गेटवर असतात.
विटांना, सिमेंटला राख नेणाऱ्या
बंद टँकरच्या पावत्या फाडतात.
ड्रायव्हर ओरडून बोलतात, ते ओठ बघतात.

मी काल एकटीच चालले लाईनवरून.
इकडे तिकडे बघितलं, पाना दातात धरला.
लोखंड, थोडा चुना, माझ्याच जबड्याची कुरकुर,
बाकी काही नाही.
दहाव्या पाइपाला काही नाही.
तिसाव्याच्या आसपास कवटीच्या आत कुठेतरी
कोणी जात्यावर हलकं हलकं दळायला लागलं.

तीनशे चाळीस. वर आकडा तीन.
"पाच मिलिमीटर," मी हेल्परला म्हणाले.
त्याने यंत्र लावलं.
साडेचार.